मोजणाऱ्याचा बिल्ला

१ फेब्रुवारी

आज अशी एक घटना घडली की तिची नोंद कोणीतरी करायलाच हवी, आणि या फायर स्टेशनात नोंद करण्याची अक्कल एकट्या माझ्याकडे असल्यामुळे ती मीच करतो. फलकाच्या मार्करचं टोपण नाहीसं झालं आहे. निळं टोपण. काल संध्याकाळी मार्करवर होतं. आज सकाळी मार्कर उघडा, अर्धवट सुकलेला आणि पोरका पडलेला. मोठ्या दुःखातून माणूस सावरतो, कारण मोठ्या दुःखाला चार लोक भेटायला येतात. टोपण गेलेल्या माणसाकडे कोणी फिरकत नाही.

फलक म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण रोजनिशी पद्धतशीर ठेवायची तर लिहिलेलं बरं. आगीच्या ठिकाणी जो जवान आत जातो, तो आपला नावाचा बिल्ला माझ्या फलकावरच्या खिळ्याला अडकवून जातो. बाहेर आला की काढून घेतो. बिल्ला खिळ्यावर म्हणजे माणूस आत. खिळा रिकामा म्हणजे माणूस बाहेर. कोणाच्या सिलिंडरमध्ये किती हवा आहे ते मी शेजारी मार्करने लिहितो, अधूनमधून वॉकीटॉकीवर हाका मारतो, आणि शेवटी साहेबांना सांगतो, सगळे बाहेर. त्या दोन शब्दांवर साहेब पुढचा हुकूम सोडतात. म्हणजे अख्खं दल माझ्या जिभेवर चालतं. गुडघ्यामुळे मला शिडीवरून उतरवलं, असं काही लोक म्हणतात. साहेबांचे शब्द वेगळे होते. ते म्हणाले, कोणीतरी बाहेर उभं राहायला हवंच, आणि तुम्हाला उभं राहणं छान जमतं.

टोपणाची चौकशी दुपारी पूर्ण. दोषी: मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याच शिफ्टला, आत जाणाऱ्या टीमचा प्रमुख. पुरावा: विचारल्यावर हसला. वर म्हणाला, भावोजी, टोपण घेऊन मी काय करू, डोक्यावर घालू? निर्दोष माणूस इतकं बोलत नाही. कप-कायद्याखाली शिक्षा दिली. (बिल्ला फलकावर विसरून जाणाऱ्याने संध्याकाळी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे, हा कायदा मीच केलेला. आजपासून तो टोपणालाही लागू.) त्याने कप धुतले. पण धुताना शीळ घालत होता. पश्चात्तापाचा मागमूस नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ

संकल्प. फलक सोडून एक पाऊलही हलायचं नाही. वॉकीटॉकी कायम अंगावर. ड्यूटीवर बिस्किटं बंद. मेहुण्याशी कामापुरतं.

दुपार

बिस्किटं जवानांनीच आणली. त्यांचं मन मोडणं लीडरशिपमध्ये बसत नाही.

५ फेब्रुवारी

कॉल. गाद्यांचं दुकान, वर गोदाम. टीम आत गेली. आमच्या शिडीवाल्याला सगळे जिराफ म्हणतात, उंचीमुळे. त्याच्या बिल्ल्यावर काजळी होती. फलक हा दलाचा चेहरा. म्हणून बिल्ला काढला, पुसला, वाळावा म्हणून खिशात ठेवला. नंतर पाहिलं तर खिळा रिकामा. खिळा रिकामा म्हणजे माणूस बाहेर. मी सिस्टिमशी प्रामाणिक राहिलो. सांगितलं, सगळे बाहेर.

साहेबांनी छतावर मोठा झोत सोडायला सांगितला. हा झोत विटा पाडतो. तेवढ्यात छताच्या कडेला जिराफ दिसला, दोन्ही हात हलवत, पाहुण्यांना निरोप द्यावा तसा. पंपावरच्या ड्रायव्हरने झोत वळवला म्हणून, नाहीतर जिराफ शिडीशिवाय खाली आला असता.

खाली आल्यावर जिराफ थेट माझ्यापाशी आला. फक्त हात पुढे केला. मी बिल्ला दिला. चकचकीत. आभार वगैरे काही नाही.

वास्तविक चूक त्याची आहे. छतावर माणसाने जरा आवाज करत असावं.

६ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे विषय वरच्या पातळीवरचा. म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुम्ही ब्लँकेटांच्या स्टोअरमध्ये बसाल आणि फलक दुसरा कोणी बघेल. माझ्यावर स्वतंत्र विभाग सोपवायचा विचार दिसतो. पण फलक मी सोडणार नाही. फलकाशिवाय मी म्हणजे गुडघेदुखीवाला एक माणूस.

आणखी एक सूचना. बिल्ला सगळ्यांना, मलाही. मी आत पाऊल टाकलं, अगदी पडलेली चप्पल आणायला का असेना, तरी आधी माझा बिल्ला खिळ्यावर. मी विचारलं, साहेब, मोजणाऱ्याला कोण मोजणार? साहेब म्हणाले, तोच तर प्रश्न आहे. दोघांचं एकमत झालं असं धरून चालतो.

८ फेब्रुवारी

बिल्ला आला. इतरांचे पिवळे, माझा मुद्दाम सांगून लाल. बायकोला दाखवायला घरी नेला. तिने उलटसुलट करून पाहिला, म्हणाली, अहो, भोक छान मोठं आहे. आणि स्कूटरची किल्ली त्यात अडकवली. आता तो दाराशेजारच्या खिळ्यावर लटकतो. परत मागायला संकोच वाटतो. शिवाय मी आत जातो कुठे?

११ फेब्रुवारी

दोन कॉल, दोन्ही सुरळीत. लक्षणीय बदल: आता माझ्याशी कोणी वाद घालत नाही. मी सगळे बाहेर म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि गुमान बंबाच्या मागे जातात. जिराफसुद्धा. कणखर माणसाखाली डिसिप्लिन आपोआप येते.

बिस्किटांचा संकल्प पुढच्या महिन्यापासून.

१४ फेब्रुवारी

बंबाच्या मागे ही मंडळी काय करतात ते आज पाहिलं. पार्किंगमधली आग विझली, मी सगळे बाहेर सांगितलं, सगळे मागे गेले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावलो. ओळीने उभे. मेहुणा एकेकापुढे जातो, हेल्मेटवर बोटाच्या पेरांनी टकटक करतो, पुढे सरकतो. शेवटच्याला टकटक केल्यावर खिशातून फोन काढला आणि लांब गेला.

ड्रायव्हरला विचारलं, हा काय प्रकार? म्हणाला, मानेचा व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलाय.

दुसऱ्याच्या हातून मानेचा व्यायाम कसा होतो, हे कळलं नाही. आपलाच गुडघा दुखत असताना दुसऱ्यांच्या मानेत शिरू नये, म्हणून गप्प बसलो.

१५ फेब्रुवारी

विश्वासघात. हा शब्द मी सहजी वापरत नाही.

जेवताना विषय सहज काढला. म्हटलं, तुझ्या भावाने मानेचे व्यायाम सुरू केलेत. बायको भाजी वाढत होती. म्हणाली, व्यायाम कसला, टकटक होय, ती आहे म्हणून माझ्या जिवात जीव आहे. आणि मग थांबली. चमचा हवेत.

बाकीचं मी काढून घेतलं. माझी मोजणी झाली की हे लोक माझ्यामागे स्वतःची वेगळी मोजणी करतात. गाद्यांच्या दुकानापासून. मेहुणा प्रत्येक कॉलनंतर बहिणीला फोन करतो. ताई, सगळे आले. मी म्हटलं, तुला काय गरज? म्हणाली, मी विचारते म्हणून तो सांगतो. काय विचारतेस, हे मी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच ताटासमोर, आपल्याच भाजीवर बसून कट शिजत होता.

अबोला धरला आहे. बाहेरच्या खोलीत झोपणार. जेवण पूर्ण केलं, कारण भाजीचा यात काही दोष नव्हता.

१६ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर जाब विचारला. मेहुणा म्हणाला, भावोजी, गैरसमज नको, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, फक्त फलकावर नाही. जिराफ म्हणाला, उलट आहे, फलकावर आहे, यांच्यावर नाही. मग त्या दोघांतच वाद लागला, आणि तो माझ्याविषयी असूनही मला त्यात तोंड उघडायला जागा मिळाली नाही. ड्रायव्हर म्हणाला, माझं मत विचाराल तर दोन्हींवर नाही.

तडक साहेबांकडे. साहेबांना माहीत होतं. त्यांनीच परवानगी दिली होती. म्हणाले, दोनदा मोजल्याने कोणाचं बिघडतं? मी म्हटलं, साहेब, लग्नात बोहल्यावर शेजारी एक जास्तीचा नवरा उभा केला तरी कोणाचं बिघडत नाही. साहेबांनी हातातली फाइल मिटली. म्हणाले, त्या दिवशी जिराफ पडला असता तर त्याच्या घरी सांगायला मी तुम्हालाच पाठवणार होतो.

मी फलक पुसायला निघून गेलो.

१८ फेब्रुवारी

प्लॅन तयार. कोणीतरी बिल्ला न लावता आत जातं, याबद्दल माझी खात्री आहे. असा एक जरी पुराव्यासह पकडला की टकटक खोटी, फलक खरा. पुराव्याच्या शोधात आहे. मेहुण्याला यापुढे टीमप्रमुख अशी हाक मारणार.

टीमप्रमुख म्हणाला, बोला भावोजी.

२१ फेब्रुवारी, सकाळ

आज कॉल आला तर सोक्षमोक्ष. मनाने एकदम शांत. वॉकीटॉकीच्या वजनाने खिसा फाटायला आलाय, तिच्यासाठी फलकावरच एक खिळा ठोकला. सोय.

२२ फेब्रुवारी

दोन रजया अंगावर घेऊन लिहितो आहे. अक्षर वाकडं येतंय, त्याला रजया जबाबदार.

काल दुपारी कॉल आला. फळांचं शीतगृह. आग पुढच्या शेडमध्ये, खोक्यांना. मागे थंड खोल्यांची रांग. टीम आत गेली, विझवली, बाहेर आली. फलक रिकामा. मी सांगितलं, सगळे बाहेर. अगदी बरोबर सांगितलं. हे रेकॉर्डवर असावं.

मग ते बंबामागे गेले आणि टकटक सुरू झाली. ती ऐकवेना. तेवढ्यात बाजूच्या दारात एक हातमोजा पडलेला दिसला. आमचाच. त्या दाराने माझ्या फलकासमोरून कोणी गेलं नव्हतं. म्हणजे पुरावा. आत गेलो. पुढे एका खोलीचं जाड दार अर्धवट उघडं. म्हटलं, दुसरा हातमोजा इथे असणार. आत पाऊल टाकलं. दार आपल्या वजनाने मागे सरकलं आणि लागलं. आतून ढकलायचा दांडा तुटलेला. वीज आम्हीच तोडली होती. अंधार. चहूबाजूंनी सफरचंदं.

वॉकीटॉकी: फलकावर. सोय.

ओरडलो. दार हातभर जाडीचं. मग बंब सुरू झाल्याचा आवाज आला. जमिनीतून यावा तसा. मग गेल्याचा. मी कधी साहेबांच्या जीपमध्ये बसतो, कधी बंबात. बंबवाल्यांना वाटलं जीपमध्ये असेन, जीपवाल्यांना वाटलं बंबात. फलक घडी घालून नीट आत ठेवला होता म्हणे. फलक आठवणीने नेला.

इतकी वर्षं आगीत काढली आणि आता थंडीने जाणार, हा विचार आला. हसू आलं नाही. हात बगलेत धरले. मग कोटाच्या आतल्या खिशात घातले. अस्तर फाटलेलं, बोटं खाली गेली, तळाशी काहीतरी लागलं. छोटं, गुळगुळीत. अंधारातही ओळखलं.

टोपण सापडलं. ठिकाण गोपनीय.

त्यानंतर थोडा वेळ बसलो. उभं राहणं मला छान जमतं, पण जमेना. फलकाचा विचार करत होतो. फलक बरोबर होता. रिकामा, स्वच्छ, पुसलेला. त्या फलकाप्रमाणे मी बाहेर होतो. मेहुण्याची टकटकही बरोबर होती. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले. मी तिच्यातही नव्हतो. दोन मोजण्या, दोन्ही अचूक, आणि मी सफरचंदांच्या हिशेबात.

आवाज बसला तेव्हा दारावर बोटांच्या पेरांनी टकटक करत राहिलो. हा प्रकार मला आवडत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

दार मेहुण्याने उघडलं. मागे जिराफ, टॉर्च घेऊन. मेहुण्याचा चेहरा पाहून वाटलं, आत तोच अडकला होता. त्याने ब्लँकेट टाकलं अंगावर, दंडाला धरलं, चला म्हणाला. भावोजीही म्हणाला नाही. बाहेर फलक परत उभा केलेला. त्यावर दोनच बिल्ले, त्याचा आणि जिराफाचा. एवढ्या घाईतसुद्धा लावून आले होते.

कसं कळलं, ते ड्रायव्हरने सांगितलं. स्टेशनात पोचल्यावर मेहुण्याने नेहमीप्रमाणे बहिणीला फोन केला. ताई, सगळे आले. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, आणि हे? तो म्हणाला, हे काय इथेच. आणि इकडेतिकडे पाहिलं.

ती प्रत्येक वेळी हेच विचारते, म्हणे. आणि हे?

शीतगृहाच्या फाटकाशी बायको स्कूटर घेऊन आली होती. हेल्मेट डोक्यावरच. किल्ली हातात, किल्लीला माझा लाल बिल्ला. तो माझ्यापुढे धरून सगळ्यांसमोर म्हणाली, हा बघा, आल्यापासून आपल्या खिळ्यावर आहे, तुमच्या सिस्टिमप्रमाणे तुम्ही दोन आठवडे घराच्या आत आहात. कोणी हसलं नाही. तिचे डोळे लाल होते. धुरामुळे असणार. धूर विरून बराच वेळ झाला होता.

हातमोजा माझाच निघाला. डाव्या हाताचा. फलक मांडताना पडला असेल.

२४ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, सोमवारपासून स्टोअर. मी म्हटलं, साहेब, फलक तर बरोबर होता. साहेब म्हणाले, हो, फलक बरोबर होता. टेबलावर त्यांचा चहा होता, त्यावर साय धरेपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत होतो.

फलक जिराफाला दिला. ज्याला मी छतावर विसरलो त्याला. याहून उघड सूडबुद्धी मी पाहिली नाही. त्याने पहिलं काम काय केलं, तर सगळ्यात वर एक जास्तीचा खिळा ठोकला. विचारलं, हा कशाला? म्हणाला, जो फलकाशी उभा राहील त्याच्यासाठी. मग खिशातून आपला बिल्ला काढून दाखवला, परत खिशात ठेवला. म्हणाला, आत जाईन तेव्हा.

ही कल्पना मुळात माझीच, असं म्हणणार होतो. तेवढ्यात तो शिडी आणायला गेला.

२५ फेब्रुवारी

ब्लँकेटं मोजली. दोनदा. जुळली नाहीत. एक माझ्या घरी आहे, ते नंतर लक्षात आलं.

घरी अबोला सुटला. तिने सोडवला. मी धरलेला आहे हे तिला माहीतच नव्हतं, म्हणे. तिला वाटलं सर्दी आहे.

२७ फेब्रुवारी

लाँड्रीतला कॉल. मीही गेलो, ब्लँकेटं घेऊन. जिराफ फलकाशी ताठ उभा. हाका मारतो, खाली वाकून हवा लिहितो. मार्कर उघडाच, टोपणाऐवजी टोकाला कागद गुंडाळलेला. चुका शोधत होतो. सापडतील.

सगळे बाहेर आले. बंबामागे ओळ लागली. मी लांब, ब्लँकेटांच्या ढिगापाशी. मेहुणा टकटक करत शेवटपर्यंत गेला आणि थांबला नाही. माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, मी आत गेलो नव्हतो. म्हणाला, भावोजी, मान खाली करा. त्याला मी टोपण चोरणारा म्हटलं होतं, सगळ्या स्टेशनासमोर. मान खाली केली. त्याने टकटक केली. माझ्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. लागलं थोडं.

मग तो फोन घेऊन लांब गेला. तरी ऐकू आलं. ताई, सगळे आले. मग थोडं थांबून, हो, हेही.

संध्याकाळी सगळे अंघोळीला गेले तेव्हा चहाच्या खोलीत गेलो. आधी खिशातलं टोपण काढून जिराफाच्या मार्करवर बसवलं. घट्ट बसलं. मग कप धुतले. सगळ्यांचे. मेहुण्याचा दोनदा. आवाज नको म्हणून नळ बारीक सोडला होता.

शीळ घातली नाही.